‘सरांना काही बोलू नकोस, आई’

एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं त्यातून काढून टाकलं आहे.

त्यांची मुलगी 14 वर्षांची. 800 आणि 1500 मीटर धावते, गेली तीन वर्षं एका नाव असलेल्या प्रशिक्षकांकडे. दोन महिन्यांपासून तिची उजवी नडगी दुखते आहे. ‘नडगी सगळ्यांचीच दुखते, बर्फ लाव आणि धाव,’ असं सरांचं म्हणणं. आता ती जिना उतरतानाही लंगडते, पण मैदानाच्या फाटकातून आत शिरली की सरळ चालते. दर सोमवारी मुलींचं वजन सगळ्यांसमोर होतं आणि आकडे फळ्यावर लिहिले जातात. जिचं वाढलं असेल तिला दहा फेऱ्या जादा. पाच महिने पाळी आलेली नाही. ‘मेहनत अंगी लागल्याची खूण आहे ती,’ हेही सरांचंच. वडिलांचं मत असं, की सर कडक आहेत म्हणूनच मुलं जिंकतात, आणि आम्ही काय कमी मार खाल्ला? निवड चाचणी सहा आठवड्यांवर आली आहे. मुलीने आईकडून वचन घेतलं आहे: ‘सरांना काही बोलू नकोस. बोललीस तर मी तुला परत कधी काही सांगणार नाही.’ पत्रात दोन प्रश्न आहेत. वचन मोडू का? की चाचणी होईपर्यंत थांबू? आणि सहीच्या वर, जाता जाता, एक ओळ: ‘बाकी सर मनाने चांगले आहेत, रात्रीसुद्धा मेसेज करून तिने काय खाल्लं ते विचारतात.’

ताई,

आधी नडगीचं. या आठवड्यात तिला हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. खेळाडूंच्या दुखापती बघणारे कुणी मिळाले तर उत्तम. ते तपासेपर्यंत धावणं बंद. चाचणी, वचन, सरांचा स्वभाव हे सगळं त्यानंतर. इतक्या ठामपणे मी एरवी लिहीत नाही, कारण इथे येणाऱ्या बहुतेक प्रश्नांना दोन बाजू असतात. जिन्यावर लंगडणाऱ्या मुलीच्या बाबतीत मला दुसरी बाजू दिसत नाही.

हाड म्हणजे एकदा घडलं की तसंच राहणारं काहीतरी, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते सतत थोडं झिजतं आणि सतत भरून येतं. धावण्याचा ताण वाढला की झीज वाढते, आणि भरणी होते ती विश्रांतीत. त्या भरणीला वेळच दिला नाही तर बारीक भेगा साचत जातात. डॉक्टर त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. कुठे पडलं-आपटलं नसताना हाड मोडायला निघालेलं असतं. सर म्हणतात तसं नडगीचं नुसतं दुखणं हा वेगळा प्रकार आहे आणि तो खरंच पुष्कळ धावपटूंना होतो. त्यात नडगीच्या आतल्या कडेने चांगला लांब पट्टा दुखतो, अंग गरम झालं की बरेचदा दुखणं उतरतं. भेगेचं दुखणं मात्र एका बोटाखाली सापडतं. धावताना वाढत जातं, पुढे चालतानाही येतं, मग रात्री अंथरुणात पडल्यावरही. तुमच्या मुलीचं लंगडणं या दुसऱ्या प्रकारात बसतं. अर्थात हे पत्रावरून ठरवायचं नसतं. ते मीही ठरवू नये आणि मैदानावर उभं राहून सरांनीही.

डॉक्टरांकडे गेल्यावर एक गोष्ट लक्षात ठेवा. पहिले दोन-तीन आठवडे अशी भेग एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही, कधी कधी नंतरही दिसत नाही. त्यामुळे ‘फोटो नॉर्मल आहे’ एवढ्यावर तिला परत मैदानावर सोडू नका. दुखणं तसंच असेल तर एमआरआय लागेल का, हे तुम्हीच विचारा. वेळेत पकडलेली साधी भेग सहा ते आठ आठवडे धावणं थांबवलं की बहुतेकदा भरते. नडगीच्या पुढच्या बाजूला असेल तर प्रकरण हट्टी असतं, महिने जातात, आणि तशीच धावत राहिली तर हाड आरपार मोडू शकतं. ‘चाचणी होईपर्यंत थांबू का’ असं विचारताना तुम्ही असं धरून चालला आहात, की थांबण्याने गोष्टी आहेत तिथेच राहतील. त्या राहणार नाहीत. आणि हेही आत्ताच सांगून टाकते: भेग निघाली तर ही चाचणी गेली. ती गेली असेल तर दुखण्यामुळे गेली, तुम्ही बोललात म्हणून नव्हे. मुलीला हे समजावून सांगावं लागेल आणि तिला ते एका बैठकीत पटणार नाही.

आता पाळी. तुम्ही हे नडगीनंतर तीन वाक्यं सोडून लिहिलंत, जणू तो वेगळा विषय आहे. तो वेगळा नाही. शरीराला जेवढी ऊर्जा लागते तेवढी खाण्यातून मिळाली नाही, की ते काटकसर सुरू करतं. ज्याच्याशिवाय आजचा दिवस निघतो ते आधी बंद होतं, आणि पाळी त्यात पहिल्या काही गोष्टींत येते. पाळीबरोबर इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक घटतं आणि इस्ट्रोजेन घटलं की हाडांची भरणी मंदावते. एकीकडे ताण वाढवायचा, दुसरीकडे भरणी कमी करायची, असा हा दुहेरी मार आहे. 2014 साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी या सगळ्या अवस्थेला रेड-एस, म्हणजे खेळाडूंमधली सापेक्ष ऊर्जा-तूट, असं नाव दिलं. ती मुलग्यांनाही होते, फक्त त्यांच्यात पाळीसारखी उघड खूण नसते, त्यामुळे उशिरा कळते. सलग तीन महिने पाळी चुकली की डॉक्टरांना दाखवायचं, हा सर्वसाधारण नियम आहे. तुमचे पाच झाले आहेत. आणि वयही असं, की माणसाच्या हाडांत आयुष्यभरासाठी जेवढं खनिज साठतं त्यातला जवळपास चौथा हिस्सा याच काळातल्या दोन-एक वर्षांत भरला जातो. ती भरती आत्ता हुकली तर तिशीत पूर्ण भरून काढता येत नाही.

मेरी केन नावाची अमेरिकन धावपटू 2013 साली, सतराव्या वर्षी, जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत 1500 मीटर धावली. तिच्या देशातर्फे त्या स्पर्धेत उतरलेली ती सर्वांत लहान खेळाडू. त्याच वर्षी ती जगातल्या सर्वांत नावाजलेल्या प्रशिक्षण गटांपैकी एकात गेली. 2019 मध्ये तिने जाहीरपणे सांगितलं, की तिथे वजन कमी, आणखी कमी करण्याचा धोशा होता, सहकाऱ्यांसमोर वजन करून लाजवलं जायचं. तीन वर्षं पाळी आली नाही आणि पाच हाडं मोडली. तिच्या प्रशिक्षकांनी आपण असं काही केल्याचं नाकारलं. तिचा वेग वाढण्याऐवजी घटतच गेला, हे मात्र निकालांच्या नोंदीत आहे. तिच्याकडे पैसा, सुविधा, तज्ज्ञ यांपैकी कशाचीही वाण नव्हती. तरी आजूबाजूच्या मोठ्या माणसांपैकी कुणी ‘थांब’ म्हटलं नाही, असं ती सांगते.

यावर तुमचे यजमान म्हणतील की ही टोकाची गोष्ट आहे, सगळे सर तसे नसतात. बरोबर आहे. तुमचे सर दुष्ट आहेत असं मीही म्हणत नाहीये. बहुतेक प्रशिक्षक आपल्या प्रशिक्षकांनी जसं शिकवलं तसंच शिकवतात, आणि त्यांना पाळी आणि हाडं यांचा संबंध कुणी सांगितलेलाच नसतो. पण ‘आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो’ या वाक्याचा हिशेब मला कधी लागलेला नाही. चषक घेतलेल्यांचा फोटो भिंतीवर लागतो. त्याच सरांच्या हाताखाली पंधराव्या वर्षी गुडघा घालवून घरी बसलेल्यांचा फोटो कुठेच नसतो. यजमानांना विचारा, तुमच्या वेळच्या तुकडीत किती जण होते आणि अठराव्या वर्षी किती जण खेळत होते. भांडायला म्हणून नका विचारू. त्यांना स्वतःला आठवू द्या. मी शाळेत असताना घोटा मुरगळलेला असताना शर्यत पूर्ण केली होती, आणि कित्येक वर्षं ती गोष्ट मी कौतुकाने सांगत असे. तो घोटा अजूनही पावसाळ्यात बोलतो. कौतुकाने सांगणं मी बंद केलं, ते माझ्या भाचीने तीच गोष्ट ऐकून स्वतःचा सुजलेला पाय चार दिवस लपवला तेव्हा.

आपल्याकडे ‘दुखणं अंगावर काढणं’ असा शब्दप्रयोग आहे. तो आपण आजारपणाबद्दल बोलताना तक्रारीच्या सुरात वापरतो: ‘अंगावर काढलंस म्हणून एवढं वाढलं.’ खेळाच्या मैदानावर गेलो की नेमकं तेच अंगावर काढणं जिद्द होतं. तुमच्या पत्रातलं मला सर्वांत जास्त खुपलेलं वाक्य नडगीचं नाही आणि फळ्याचंही नाही. ‘फाटकातून आत शिरली की सरळ चालते,’ हे ते वाक्य. ही मुलगी दोन महिने शिकते आहे ती धावायला नव्हे, दुखणं लपवायला. त्या मैदानावर ‘दुखतंय’ म्हणण्याची किंमत काय आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे. सर कडक आहेत की नाहीत, याने मला फारसा फरक पडत नाही. कडक शिक्षकांनी लाखो मुलं घडवली आहेत. तिथे मुलाला ‘दुखतंय’ म्हणता येतं का, आणि म्हटल्यावर पुढे काय होतं, एवढंच मी बघते.

ब्रिटनमधल्या जिम्नॅस्टिक्सबद्दल अ‍ॅन व्हाइट यांचा चौकशी अहवाल 2022 साली आला. 400हून अधिक निवेदनं त्यांच्यापुढे आली होती. त्यात वजनाची सक्ती होती, पाणी पिऊ न देणं होतं, स्वच्छतागृहात जाऊ न देणं होतं आणि दुखापत झालेली असताना सराव करायला लावणं होतं. या गोष्टी एकेकट्या येत नाहीत, एकत्र नांदतात, कारण त्यांची मुळं एकच आहेत: ‘सर म्हणतील ती पूर्व दिशा’ आणि मुलाच्या शरीराबद्दल मुलाला कुणी विचारायचं नाही. शिक्षा म्हणून जादा फेऱ्या किंवा शेकडो उठाबशा हा त्यातलाच भाग. व्यायाम ही शिक्षा झाली की तो थकव्याकडे बघून थांबत नाही. अशा अतिरेकाने स्नायूंचा चुरा होऊन मूत्रपिंडावर येऊ शकतं. लघवी चहासारखी गडद झाली तर थेट रुग्णालय गाठायचं, हे खेळणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरात माहीत असायला हवं.

आता सहीच्या वरची ती ओळ.

14 वर्षांच्या मुलीला प्रशिक्षक रात्री मेसेज करून तिने काय खाल्लं ते विचारतात. यात काळजी असेल, असूही शकते. पण मोठ्या माणसाने मुलाशी एकट्याने, रात्री, शरीराबद्दल बोलायचं आणि त्याला मनाचा चांगुलपणा म्हणायचं, हे मला मान्य नाही. खेळातल्या बालसंरक्षणाचा एक सोपा निकष आहे: प्रशिक्षक आणि मूल यांच्यातलं प्रत्येक बोलणं कुणाला तरी दिसेल असं असावं आणि कुणालाही मध्येच येता येईल असं असावं. मेसेज पालकांच्या गटावर, किंवा किमान एक पालक त्यात असेल असा. मालिश, बँडेज, मोजमाप चारचौघांत. प्रवासात वेगळ्या खोल्या. हा नियम चांगल्या सरांनाही लागू होतो, आणि चांगल्या सरांना तो अडचणीचा वाटत नाही. अमेरिकी जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याला 2018 साली 40 ते 175 वर्षांची शिक्षा झाली. त्या न्यायालयात दीडशेहून अधिक मुली आणि स्त्रिया बोलल्या. त्यांच्यातल्या अनेकींनी सांगितलं, की त्या कठोर वातावरणात तोच एक गोड बोलणारा, चोरून खाऊ देणारा माणूस होता. तुमचे सर तसे आहेत असा याचा अर्थ अजिबात नाही. ‘मनाने चांगले’ हा पुरावा म्हणून चालत नाही, एवढंच मला म्हणायचं आहे.

म्हणून ते मेसेज बघा, पण तिच्या नकळत नको. ‘मला दाखवशील का’ असं विचारा. सरांनी ते पुसायला सांगितले होते का, हेही विचारा, सहज, एकदाच. तिने काही सांगितलं तर ‘तू आधी का नाही सांगितलंस’ हे वाक्य गिळून टाका. ‘सांगितलंस ते बरं केलंस’ एवढं पुरे. फिरवून फिरवून प्रश्न विचारू नका, ते काम प्रशिक्षित माणसाचं असतं. मेसेजचे स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. फळ्यावरचं वजन, जादा फेऱ्या, दुखण्याबद्दलचं सरांचं उत्तर, हे सगळं तारीखवार एका वहीत लिहून ठेवा. त्यात कुठे स्पर्शाचा किंवा लैंगिक बोलण्याचा मागमूस लागला तर मात्र सरांशी किंवा संस्थेशी बोलत बसू नका. सरळ पोलीस किंवा बालसंरक्षण यंत्रणा. संस्थेला आधी स्वतःचं नाव आठवतं.

वचनाचं काय? मोडावं लागेल, पण पाठीमागून नाही. आज रात्री तिला सांगा: ‘मी तुला शब्द दिला तेव्हा मला वाटलं होतं पाय थोडा दुखतोय. आता मला कळलंय की हे मोठं असू शकतं. तुझ्या जिवाचा प्रश्न असेल तिथे मी गप्प बसण्याचं वचन पाळू शकत नाही. ते मी द्यायलाच नको होतं, चूक माझी आहे. पण मी सरांना काय बोलणार हे तुला आधी सांगेन, आणि तू सोबत यायचं की नाही हे तू ठरव.’ ती चिडेल. दार आपटेल. दोन दिवस जेवताना बोलणार नाही. ‘परत कधी काही सांगणार नाही’ ही धमकी मात्र शब्दशः घेऊ नका. मुलं तेव्हा बोलणं बंद करतात जेव्हा सांगूनही काही होत नाही. आणि तिने तुम्हाला सांगितलंच आहे, हे विसरू नका. ज्या मुलीला खरंच कुणाला काही कळू द्यायचं नसतं ती घरच्या जिन्यावरही सरळ चालते.

सरांशी बोलताना आरोपाने सुरुवात करू नका, त्याने हाती काही लागत नाही. डॉक्टरांचा कागद हातात घेऊन जा, यजमानांना बरोबर न्या, आणि मैदानाच्या कडेला उभ्या उभ्या नको, वेळ ठरवून. सांगायचं ते थोडक्यात: डॉक्टर म्हणतील तेवढे आठवडे ती धावणार नाही, परतल्यावर भार हळूहळू वाढेल, तिचं वजन सर्वांसमोर होणार नाही, आणि मेसेज आमच्या फोनवर. मग गप्प बसा आणि ऐका. ‘अरेरे, मला हे आधी कळायला हवं होतं’ असं म्हणणारे सर असतात, मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याकडे मूल ठेवायला हरकत नाही. ‘मग चाचणीला नाव देत नाही’, ‘बाकीच्यांचे आईवडील असे येत नाहीत’, ‘तुम्हीच तिला नाजूक करून ठेवलंय’ यांपैकी काही आलं तर तुमचा निर्णय त्यांनीच सोपा केला. बोलणं झाल्यावर ठरलेलं सगळं त्याच दिवशी लेखी पाठवा.

सोडण्याची वेळ आली तर तुम्हाला वाटतं तेवढं ते सरळ नाही, याची मला कल्पना आहे. तिच्या सगळ्या मैत्रिणी त्या मैदानावर आहेत. दुखापतीपेक्षा तीच भीती तिला जास्त असेल. त्या मैत्रिणींच्या घरांशी तुमचा संबंध तुटू देऊ नका. विश्रांतीच्या काळात पोहणं किंवा सायकल चालेल का, हे डॉक्टरांना विचारा, म्हणजे तिचा दिवस अगदी रिकामा होणार नाही. नवीन प्रशिक्षक बघताना त्यांचे चषक मोजू नका. गेल्या वर्षी किती मुलांना दुखापत झाली आणि ती मुलं आता कुठे आहेत, हे विचारा. उत्तर देताना त्यांना नावं आठवतात का बघा. अजून एक ढोबळ माप इतर वाचकांसाठीही: आठवड्याला खेळाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्याहून जास्त नकोत, आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण सुट्टी हवी, आणि एकच खेळ बाराही महिने नको. बालरोगतज्ज्ञ वर्षातून दोन-तीन महिने त्या खेळापासून लांब राहायला सांगतात, सलग नसले तरी चालतील.

त्या फळ्यावर तुमच्या मुलीखेरीज इतरही नावं आहेत. त्यांच्या आयांना काही विचारावंसं वाटलं तर ‘सर कसे वाटतात’ असं विचारू नका, सगळ्या ‘छान’ म्हणतील. ‘तुझ्या मुलीची पाळी नीट येते का गं?’ असं विचारा.

डॉक्टरांकडे जाताना तिचे रोजचे, झिजलेले बूट पिशवीत घेऊन जा. गेल्या तीन महिन्यांत आठवड्याला किती किलोमीटर धावली आणि शेवटची पाळी कधी आली, ते कागदावर लिहून न्या. ‘कुठे दुखतं?’ असं डॉक्टरांनी विचारलं की उत्तर तिला देऊ द्या, ती कितीही वेळ घेऊ दे. आणि थोडा वेळ तुम्ही खोलीबाहेर बसा.